शब्दाची शीव कोण ठरवणार?

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, असे आमच्या घरातली वडील माणसे सांगत असत. तोंडात चकलीचा तुकडा आणि मांडीवर नवा कोरा अंक अशा प्रसन्न वेळी वाचकांपुढे तक्रारीचे गाठोडे सोडणे हे शहाण्या लेखकाचे लक्षण नव्हे, हे मलाही कळते. परंतु ज्या गोष्टीसाठी मी भांडणार आहे ती आपल्या सर्वांच्या घरातली आहे. ती म्हणजे आपली भाषा. प्रतिवादी मात्र दिसायला अगदी गरीब आहे. संगणकावर 'हा शब्द शोध आणि त्याच्या जागी तो घाल' अशी एक आज्ञा देता येते, आणि तिच्या शेपटाला 'फक्त पूर्ण शब्दच' असे एक आश्वासन बांधलेले असते. त्या आश्वासनावर मी विसंबलो आणि माझ्या सख्ख्या आत्तीला दिलेला शब्द माझ्या हातून मोडला. म्हणून हे भांडण.

आधी माझी ओळख करून देतो. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. वय पंचेचाळीस. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्या पेठेत अजून 'मॅट्रिक झालेला' असेच म्हणायची रीत आहे. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि शाळा सुटल्यावरच्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा 'मास्तर, संगणकातले तुम्हाला काय कळते?' हा प्रश्न मला नवा नाही. त्यावर माझे म्हणणे इतकेच, की ज्याच्या पायात काटा मोडला आहे त्याला बाभळीविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा. शिवाय दोन उन्हाळ्याच्या सुट्या घालवून ही बाभूळ मी मुळापासून पाहून आलो आहे.

माझ्या तिसऱ्या कादंबरीची नायिका ही माझी आत्ती. तिचे नाव गंगा. ते येथे लिहिण्याची परवानगी तिने आता दिली आहे. कशी, ते पुढे येईलच. गुऱ्हाळाच्या हंगामात एका रात्री ती नवऱ्याचे घर सोडून, काखेत तान्हे पोर घेऊन, पंचगंगेच्या काठाकाठाने माहेरी चालत आली. त्या रात्री तिच्या सख्ख्या भावाने आधी दार उघडले नाही. तो भाऊ म्हणजे माझे वडील. पहाटे आजीने कडी काढली तेव्हा ती घरात आली. पुढे तिने मजुरी करून पोर वाढवले, आणि आमच्याही घराला हातभार लावला. ही गोष्ट तिनेच मला सांगितली, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "लिही बाबा काय लिहायचं ते. पण माझं नाव तेवढं घालू नगंस. माझं नाव कळलं की दार कुणाचं ते बी कळतंय." मी तिच्या पायाला हात लावून 'नाही घालणार' म्हणालो.

परंतु लिहिताना मनात तिचेच नाव येई, आणि दुसऱ्या नावाने ती बोलेना. तेव्हा मी असे ठरवले, की आधी 'गंगा' असेच लिहून काढावे आणि छापण्यापूर्वी सगळीकडे 'शांता' करावे. हल्ली ते क्षणाचे काम आहे, असे सगळेच सांगत होते.

क्षणाचे काम होते हे खरेच! जुळणी करणाऱ्या तरुणाने 'सगळे बदला' म्हणून एक बटण दाबले आणि कादंबरीतली प्रत्येक 'गंगा' 'शांता' झाली. मी पहिले पान वाचले. माझी नायिका 'पंचशांता' नदीच्या काठाने चालत येऊन 'शांतावेशी'त उतरली होती! आमची पंचगंगा आणि आमची गंगावेश एका बटणाने नाहीशी झाली. हे हसण्यावारी नेता आले, कारण 'पंचशांता' हे डोळ्याला खुपते. पण त्याच कादंबरीत गंगाराम नावाचा एक वाणी होता. तो 'शांताराम' होऊन निमूटपणे गल्ल्यावर बसला होता, आणि तो मला तिसऱ्या वाचनात सापडला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. वेडीवाकडी चूक स्वतःच ओरडून सांगते. सभ्य कपडे घातलेली चूक सांगत नाही. शांताराम हे नाव तर कोल्हापुरात कोणाला खटकावे? प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली ह्याच गावात निघाली, आणि तिच्या संस्थापकांतल्या एकाचे नाव व्ही. शांताराम.

"मग आपण पूर्ण शब्दच बदलू," तो तरुण म्हणाला. त्याने काळ्या पडद्यावर चार ओळींची आज्ञा लिहिली. 'गंगा'च्या अलीकडे आणि पलीकडे एकेक खूण घातली. उलटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढे इंग्रजी 'बी', अशी ती खूण. तिचा अर्थ 'येथे शब्दाची शीव आहे.' दोन्ही बाजूंना शीव असेल तरच शब्द बदलायचा. म्हणजे पंचगंगेला धक्का नाही. युक्ती मला पटली. आज्ञा चालली, आणि जे झाले ते पाहून आम्ही दोघेही थक्क झालो. पंचगंगा वाचली होती खरी. पण एकटी, सुटी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली जी 'गंगा', जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती जशीच्या तशी राहिली; आणि गंगारामाचा मात्र पुन्हा शांताराम झाला होता! जो पूर्ण शब्द तो यंत्राला दिसत नाही, आणि जो अर्धा तो पूर्ण दिसतो. ह्याला काय म्हणावे?

हा चमत्कार कसा घडतो ते मी पुढे शिकलो, आणि ते समजायला मॅट्रिकही व्हावे लागत नाही. आपण 'गा' हे एक अक्षर समजतो. संगणक ते दोन तुकड्यांत ठेवतो. आधी 'ग', मग कान्याची खूण. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत देवनागरीसाठी १२८ जागा आहेत आणि तिथे मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ह्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकाच्या कपाळी त्याची जातही लिहिलेली आहे. हे 'अक्षर', हा 'अंक', ही 'जोडखूण'. आता पायथन नावाची जी संगणकी भाषा हल्ली शाळाकॉलेजांतून शिकवली जाते, तिच्या मूळ शोधयंत्रणेचा नियम असा, की शब्दात फक्त अक्षरे, अंक आणि खालची आडवी रेघ एवढीच बसू शकतात. जोडखुणेला पंक्तीत जागा नाही. म्हणजे त्या यंत्रणेच्या लेखी 'गंगा' हा शब्दच नव्हे. ते दोन एकटे 'ग' आहेत, आणि अनुस्वार व काना हे त्यांच्या आसपास पडलेले किरकोळ कचऱ्याचे कण आहेत. 'गंगा'चा शेवट कान्याने होतो. काना शब्दाबाहेरचा, पुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची. मग तिथे शीव कुठली? शीव दोन शेतांच्या मध्ये असते, पडीक आणि पडीक ह्यांच्या मध्ये नसते. उलट 'गंगाराम' मध्ये कान्यापुढे 'र' येतो. काना बाहेरचा, 'र' आतला. झाली शीव! म्हणून गंगारामाचा बळी.

जावास्क्रिप्ट नावाची दुसरी भाषा आहे. जगातल्या बहुतेक संकेतस्थळांचे गाडे तिच्यावर चालते. तिची शिवेची खूण ह्याहून साधी. ए ते झेड, शून्य ते नऊ आणि खालची रेघ, एवढेच तिचे शब्दविश्व. तिच्या हिशेबी ज्ञानेश्वरीत एकही शब्द नाही.

ह्या साऱ्या आज्ञांच्या पूर्वजांत 'सेड' नावाचे एक साधन आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहन ह्यांनी ते १९७३-७४ च्या सुमारास रचले. ओळीमागून ओळ वाहत येते, ते तिच्यात फेरफार करते आणि पुढे सोडते. मोठे कसबी साधन आहे, आणि ज्याने ते केले त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. पण त्याचेही घर ठिकठिकाणी निराळे. काही संगणकांवरच्या सेडला ती 'बी'ची खूण समजते, तर काहींवरच्या सेडला समजतच नाही; तिथे चौकटी कंसांची दुसरीच खूण लागते. शिवाय संगणकावर भाषेची कोणती बैठक लावलेली आहे, ह्यावर उत्तर अवलंबून. 'सी' नावाची साधी बैठक लावलेली असेल तर देवनागरीचे एकही अक्षर शब्दात मोजले जात नाही. एकच आज्ञा, एकच पुस्तक, आणि एका टेबलावर एक उत्तर तर दुसऱ्यावर दुसरे!

आता कोणी म्हणेल, ही परक्यांची यंत्रे. त्यांना आपली लिपी कुठून ठाऊक असणार? हे समर्थन मला साफ नामंजूर आहे. ठाऊक नव्हते असे नाही. युनिकोडच्या १८ क्रमांकाच्या तांत्रिक मानकात स्पष्ट लिहिले आहे, की शब्दातल्या अक्षरांत जोडखुणाही धराव्यात. पर्ल नावाची भाषा तसे वागतेही. पायथनच्या तक्रारवहीत ही त्रुटी २०११ साली नोंदली गेली, आणि त्यानंतर निघालेल्या कित्येक आवृत्त्यांतही मात्रा शब्दाबाहेरच राहिली. त्या साली पहिलीत असलेली आमच्या शाळेतली मुले कधीच मॅट्रिक होऊन गेली. फ्रेंच लोकांच्या 'ई'वरची तिरपी रेघ सहसा त्या अक्षरासकट एकच क्रमांक घेऊन बसते, म्हणून त्यांचा शब्द तुटत नाही. त्यांचा तुटला असता, तर दुरुस्तीला इतका वेळ लागला असता काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण थांबा. यंत्राला चार शिव्या देऊन मोकळे होण्याइतके हे प्रकरण सोपे नाही. माझा खरा घात झाला तो पुढेच, आणि त्यात यंत्राहून माझा वाटा मोठा.

तो तरुण हुशार होता. त्याने शिवेची खूण काढून टाकली आणि स्वतःची व्याख्या लिहिली. मोकळी जागा किंवा विरामचिन्ह ह्यांच्या मधला जो मजकूर तो शब्द. आता सुटी 'गंगा' नेमकी 'शांता' झाली. पंचगंगा, गंगावेश, गंगाराम, सगळे जागच्या जागी. मी दहा पाने वाचली, निर्दोष होती. मग शेवटची खात्री म्हणून त्याच रीतीने पूर्ण शब्द 'गंगा' शोधायला सांगितले. उत्तर आले, शून्य. मी समाधानाने सही केली आणि पुस्तक छापून आले.

पुस्तकात १७ ठिकाणी 'गंगेने', 'गंगेला', 'गंगेच्या' आणि 'गंगेशी' असे शब्द तसेच राहिले होते. माझे लिहिणे जुन्या वळणाचे. मी 'गंगाने' लिहीत नाही, 'गंगेने' लिहितो. 'शांता दारापाशी थांबली' असे एका वाक्यात आणि 'गंगेच्या हाकेला आतून ओ आली नाही' असे पुढच्या वाक्यात. ज्या दारासाठी नाव लपवायचे होते, नेमके त्याच पानावर ते उघडे पडले होते.

आत्तीला वाचता येत नाही. तिच्या नातीने पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले. मी भेटायला गेलो तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शांता म्हनतोस आनि मधीच गंगेनं म्हनतोस. लोकास्नी कळत न्हाई व्हय?" थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या बाचं दार आता समद्या गावानं बघितलं." माझे वडील वारले त्याला नऊ वर्षे झाली. तिने आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली होती. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "आता झाकून काय उपेग? लिही कुठं बी." ही ती परवानगी. अशी परवानगी कोणा लेखकाला मिळू नये.

त्या दिवसापासून मला कळून चुकले, की मात्रांचा दोष उद्या दुरुस्त झाला तरी खरा प्रश्न तसाच राहणार आहे. 'पूर्ण शब्द' ह्या कल्पनेतच मराठीची अडचण आहे. ती कल्पना इंग्रजीच्या अंगाला बेतून शिवलेली आहे. इंग्रजीत नाव बहुधा तेच राहते आणि 'ने', 'ला', 'हून' ही कामे करणारे शब्द अलग उभे राहतात. म्हणून दोन मोकळ्या जागांच्या मधले ते पूर्ण, हा हिशेब तिथे पुष्कळसा जमतो. तिथेही तो सोसूनच आलेला आहे. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एका बड्या अमेरिकन सेवेत आपल्या गावाचे नाव नोंदवता येईना, कारण त्या नावाच्या पोटात एक अशिष्ट शब्द दडलेला होता आणि यंत्र तुकडा पाहून नाक मुरडत होते. पुढे २००१ च्या सुमारास याहूच्या टपालसेवेने सुरक्षिततेसाठी 'इव्हॅल' हा तुकडा दिसला की 'रिव्ह्यू' घालायचे ठरवले, आणि मध्ययुगीन ह्या अर्थाचा जो इंग्रजी शब्द, त्याचे 'मेडिरिव्ह्यू' असे ध्यान होऊन ते पत्रांतून हिंडू लागले. अशा ठेचा खाऊन ते 'पूर्ण शब्दा'वर ठाम झाले. त्यांच्यापुरते औषध बरोबर आहे. आपण मात्र दुसऱ्याच्या दुखण्यावरची चिठ्ठी घेऊन दुकानात उभे आहोत.

मराठीत प्रत्यय नावाला चिकटतो, आणि चिकटण्यापूर्वी नावाचे रूपच बदलतो. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून किती पिढ्या शाळेत सामान्यरूप घोकत आल्या! पाऊस पडतो, पण आपण पावसात भिजतो. देऊळ दिसते, पण आपण देवळात जातो. मूल रडते, पण आपण मुलाला घेतो. पाणी आटते, पण मासा पाण्यात असतो. ह्या जोड्यांत शब्द एकच आहे, हे चौथीतले पोर सांगेल. यंत्राला ते सारे परके आहेत. फार कशाला, 'कोल्हापूर' हा पूर्ण शब्द शोधा. 'कोल्हापुरात', 'कोल्हापुरी', 'कोल्हापूरकर' ह्यांतले एकही हाती लागणार नाही. आणि 'पूर्ण शब्द'ची अट काढलीत तरी पहिले दोन लागणार नाहीत, कारण तिथे दीर्घ 'पू'चा ऱ्हस्व 'पु' झालेला असतो. हा ऱ्हस्वदीर्घाचा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन-नियमांत आहे. ते नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले, म्हणजे आमच्या गावात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच साली. इतक्या वर्षांत आपण तो नियम मुलांच्या पाठीवर छडी मारून शिकवला. यंत्राला शिकवायचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

हे केवळ कादंबरीवाल्यांचे दुखणे आहे असे समजू नका. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावे बदलली, आता कागद बदलायचे. समजा, एखाद्या जुन्या पुस्तकावर कोणी 'पूर्ण शब्द'ची आज्ञा चालवली. 'उस्मानाबाद' बदलेल, आणि 'उस्मानाबादला', 'उस्मानाबादचा', 'उस्मानाबादेत' तसेच राहतील. अट काढून चालवली, तर जगाला ठाऊक असलेली उस्मानाबादी शेळी 'धाराशिवी' होईल आणि पशुवैद्य चक्रावून जाईल. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्याला ह्या बदलाशी काही देणेघेणे नाही. आणि इतिहासातली अहमदनगरची निजामशाही? ती 'अहिल्यानगरची निजामशाही' झाली तर पोरे परीक्षेत काय लिहितील? इथे शब्द पूर्ण आहे की अपूर्ण हा प्रश्नच नाही. वाक्य काय सांगते हा प्रश्न आहे, आणि वाक्य वाचावेच लागते.

त्यात आपली आणखी एक घरगुती बेशिस्त आहे. 'दुसऱ्या' ह्या शब्दातला अर्धा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. 'ॲ' हे अक्षर कोणी एकाच खुणेने लिहितो, तर कोणी 'अ'वर अर्धचंद्र ठेवून. एकच खुणेचे ते अक्षर युनिकोडात २००८ साली आले. तोवरचा मजकूर जुन्या तऱ्हेचा. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही निराळे. मग पूर्ण शब्द शोधूनही अर्धी पाने निसटतात, आणि उत्तर येते शून्य. त्या शून्याची मला आता धास्ती बसली आहे.

ह्यावर मला दोन सल्ले मिळाले आहेत. दोन्ही मी ऐकून घेतले, आणि दोन्ही परत करतो.

पहिला सल्ला असा, की हिंदीसारखे प्रत्यय सुटे लिहावेत; म्हणजे यंत्राचे काम सोपे होईल. ह्या विद्वानांनी हिंदीही नीट पाहिलेली नाही. तिथे 'ने' सुटा लिहितात खरा, पण त्याच्या आधी 'लडका'चा 'लडके' होतोच. आणि यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. छापखान्यातले खिळे कमी व्हावेत म्हणून सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. हेतू उत्तम होता, पण लोकांच्या हाताने तो स्वीकारला नाही. पुढे यंत्रेच बदलली आणि इ, ई, उ, ऊ छापायची अडचणच उरली नाही. यंत्र आज आहे, उद्या मोडीत जाईल. त्याच्या मापाने भाषेचे हातपाय तोडू नयेत.

दुसरा सल्ला असा, की आता कृत्रिम बुद्धी आली आहे, ती सारे आपोआप ओळखील. ओळखू दे बापडी. मला आनंदच आहे. परंतु माझा गंगाराम शांताराम झाला तो ह्या गोड भरवशावरच. बदल जितका सफाईदार, तितकी चूक डोळ्याआड. ती बुद्धी कितीही वाढली, तरी शेवटी 'हे मी वाचले आहे' अशी सही कोणीतरी माणसानेच करायची ना?

मग करायचे काय? हंगेरीकडे पाहा. त्या लोकांची भाषाही प्रत्ययांनी लगडलेली. देशाची लोकसंख्या एक कोटीही नाही. पण इंग्रजी बेतीची साधने आपल्याला येत नाहीत म्हणून ते रडत बसले नाहीत. त्यांनी नामाची रूपे आणि प्रत्यय जाणणारे 'हन्स्पेल' हे शब्दतपासणीचे साधन आपल्या भाषेसाठी रचले, आणि तेच आज लिब्रेऑफिस व फायरफॉक्स ह्यांच्या आत बसून जगभरच्या भाषांचे शुद्धलेखन तपासते आहे. आपण २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा मीही शाळेत पेढे वाटले. पण ज्या भाषेचा काना यंत्राच्या हिशेबी शब्दाबाहेर पडला आहे, तिच्या अभिजातपणाची मिरवणूक काढण्याआधी तो काना उचलून आत घ्यायला नको काय?

माझे मागणे फार नाही. साधने रचणाऱ्या आपल्या मुलांनी, आणि ती पुण्याबंगळुरात हजारांनी आहेत, मात्रेला शब्दात जागा मिळेपर्यंत तक्रार लावून धरावी. मानक आपल्या बाजूने आहे. विद्यापीठांनी आणि भाषासंस्थांनी मराठी नामांची सर्व रूपे सांगणारी यादी करून ती सर्वांना मोफत खुली करावी. आणि मजकुरावर आज्ञा चालवणाऱ्या प्रत्येकाने आधी 'बदल' म्हणू नये, 'दाखव' म्हणावे. 'गंगा' नव्हे, 'गंग' एवढाच तुकडा शोधावा. तो ज्या ज्या शब्दांत आहे त्या सर्वांची यादी पुढ्यात घ्यावी. गंगा, गंगेने, गंगेला, गंगाराम, गंगावेश, पंचगंगा. मग एकेकावर बोट ठेवून ठरवावे, हा बदलायचा, हा नाही. माझ्या पुस्तकात अशी यादी जेमतेम अर्ध्या पानाची झाली असती. दहा मिनिटांचे काम मी केले नाही.

शेवटचे मागणे प्रकाशकांकडे. खिळ्यांच्या काळात प्रत्येक छापखान्यात मुद्रितशोधक नावाचा एक माणूस असे. चष्मा कपाळावर, कानाला पेन्सिल, आणि चिडखोर स्वभाव. त्याला 'गंगेने' दिसला असता तर तो पान घेऊन माझ्या अंगावर आला असता, "मास्तर, ही बाई शांता की गंगा? एकदा काय ते ठरवा!" आपण त्याला परवडत नाही म्हणून घरी पाठवले आणि त्याच्या खुर्चीत एक बटण बसवले. त्याला परत बोलवा. त्याला पगार द्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव छापा.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती येत्या उन्हाळ्यात निघते आहे. मी आत्तीला विचारले, आता सगळीकडे शांता करू की सगळीकडे गंगा? ती म्हणाली, "गंगाच ऱ्हाऊ दे. पन दाराजवळचं पान परत एकदा नीट वाच." ते पान मी ह्या दिवाळीत वाचतो आहे, बोट ठेवून, एकेक शब्द.